छोटीच्या बाळासाठी लंगोट : कामाच्या नोंदी

2 फेब्रुवारी

छोटी, माझी धाकटी बहीण, काल माहेरी आली. आठवा लागलाय, डॉक्टरांनी मार्चअखेरची तारीख दिलीय. बाळंतपण इथेच, जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी. लंगोटांचं काम माझ्याकडे आलं, कारण शिलाई मशीन माझं आणि मापं लिहून ठेवायची सवयही माझीच. ब्लाउजांच्या वहीची मागची कोरी पानं यासाठी घेतली.

छोटीचं म्हणणं एवढंच की विकतचे डायपर फक्त प्रवासात. बाकी कापडी. पण व्हिडिओ बघबघून तिने डोक्यात गुंता करून घेतलाय: पॉकेट, ऑल-इन-वन, प्रीफोल्ड, फ्लॅट, कव्हर, इन्सर्ट. शिवणाऱ्या बाईच्या नजरेने बघितलं तर सगळा पसारा दोन कापडांचा आहे. एक पिणारं, एक अडवणारं. ऑल-इन-वनमध्ये दोन्ही एकमेकांना शिवलेली. पॉकेटमध्ये अडवणाऱ्या कापडाला आतून पिशवी, तिच्यात पिणारी पट्टी सरकवायची. फ्लॅटमध्ये दोन्ही सुटी: चौकोनी कापडाची घडी बांधायची आणि वरून कव्हर चढवायचं.

फ्लॅट म्हणजे काय ते आजीला मोबाइलवर दाखवलं. "आमना टाईमले हाईच व्हतं," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

6 फेब्रुवारी

कापडाआधी पाणी. नळ आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी, मधले दिवस बोअरवर काढायचे. बोअरचं पाणी जड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. आई डाळीला कायम नळाचंच पाणी घेते, नाहीतर डाळ शिजत नाही. तरी डोळ्यांनी बघावं म्हणून दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं, दुसरीत बोअरचं, दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस, आणि झाकण लावून खळखळून हलवल्या. नळाच्या बाटलीत दोन बोटं फेस उभा राहिला. बोअरच्या बाटलीत आला तसा बसला, पाणी दुधी झालं आणि वर पांढरे कण तरंगायला लागले.

हेच कण कापडाच्या धाग्यांत जाऊन बसतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून ठेवतं, त्याचा न विरघळणारा साका होतो. मग लंगोट कितीही धुवा, ओल शोषत नाही, आणि वास मारतो तो वेगळाच.

बोअर घेतला तेव्हाचा पाणी तपासणीचा कागद पत्र्याच्या पेटीत सापडला. कठीणपणा लिटरला 540 मिलिग्रॅम. आयएस 10500 या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 200 पर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पिण्याला आपण चालवून घेतो, पण कापड चालवून घेत नाही.

तेव्हा वडीचा साबण लंगोटाला बंद. डिटर्जंट पावडर आणि जोडीला धुण्याचा सोडा, कारण सोडा पाण्यातला जडपणा आधीच खाली बसवतो. आणि जाड, अनेक पदर एकत्र शिवलेलं काही घेण्याआधी दहादा विचार. आत अडकलेलं बाहेर काढायला भरपूर पाणी लागतं, आणि तेच आपल्याकडे मोजून आहे.

9 फेब्रुवारी

फुले मार्केट, जळगाव. दुकानदाराने आधी फलालीन काढलं, "बाळासाठी हेच नेतात" म्हणून. हात लावूनच नको म्हटलं. मार्चअखेरचं बाळ, पुढे एप्रिल-मे. फलालीनमध्ये गुंडाळलं तर घामोळ्यांनी भरून जाईल. मांजरपाट खरखरीत, खळही जबर. केंब्रिकची वीण इतकी दाट की पाणी वरच्यावर पसरतं. होजिअरी मऊ असते आणि पितेही, पण कापल्यावर कडा गुंडाळतात आणि वाळायला वेळ घेते.

मलमल घेतली. पांढरी, छापा नाही, रंग नाही. पन्हा 44 इंच, 20 मीटरचा अख्खा तागा. एक चांगला पॉकेट डायपर ज्या भावात येतो त्यात पाच-सहा मीटर मलमल बसते, त्यामुळे हिशेब करायची गरजच पडली नाही.

11 फेब्रुवारी

आज मशीनला हात नाही, नुसती भट्टी.

कोऱ्या मलमलीचा तुकडा हातावर ताणून धरला आणि बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब जसाच्या तसा. गोल, चकचकीत, तुकडा तिरका केला तर घरंगळत कडेला गेला. दुकानात सगळ्यात पिणारं म्हणून दिलेलं कापड! कपाशीच्या धाग्यावर जन्मजात मेणाचा पातळ थर असतो, त्यावर गिरणीची खळ. तो निघाल्याशिवाय लंगोट पहिल्याच शू-ला मांडीवरून ओघळणार. लोक नवीन लंगोट आणून एकदा खळबळतात, बांधतात, आणि मग कापडीत गळतं म्हणून नाव ठेवतात.

मोठ्या पातेल्यात पाणी, सोडा, थोडी पावडर. चुलीवर उकळी आणली. थोड्या वेळाने पाणी चहाच्या वरच्या सायीसारखं तेलकट पिवळट दिसायला लागलं. गाळलं, पुन्हा ताज्या पाण्यात. मग धुऊन, कडक उन्हात वाळवून, परत थेंब. आता टेकताक्षणी डाग पसरला. तागा दोन इंच आटला, पन्हा 42 वर आला. आधी भिजवायचं, मग कापायचं हे ब्लाउजच्या अस्तरालाही लागू आणि इथेही.

आजी तेवढ्यात येऊन बसली. "नवं कापड कोनी घालस का व? जुनं लुगडं काढ." बाळाला पहिलं कापड जुनंच, हा आमच्याकडचा रिवाज. तिचं एक सुती लुगडं काढलं, काठ उसवून बाजूला ठेवला. त्यावरही थेंब टाकून बघितला. थांबलाच नाही. वर्षानुवर्षं धुऊन मेण, खळ सगळं कधीच गेलेलं, आणि स्पर्श तर मलमलीहून मऊ. पहिल्या आठवड्याचे लंगोट या लुगड्याचे. आजी जिंकली.

15 फेब्रुवारी

कापणी. 42 चा पन्हा मधोमध कापला की 21 इंची चौकोन पडतात, एका बाजूला मूळची किनार येते, तिला शिवण नको. असे 24 लहान. पुढच्यासाठी 42 बाय 42 चे दहा मोठे. त्यांची चौपदरी घडी घातली की पुन्हा 21 इंची चौकोन, पण चार पदरांचा. उरलेल्याचे पुसायचे रुमाल.

कडेला बारीक पिको. दुमडपट्टी घातली असती तर दिसायला सुबक झाली असती, पण दुमडीत पाणी राहतं आणि वाळवताना तीच शेवटपर्यंत ओली राहते. मोठ्या चौकोनांची गंमत अशी की वापरताना चार पदर आणि धुताना, वाळवताना एकच. पाणी आरपार जातं, ऊन आरपार जातं. पदर आतून शिवून टाकले की ही सोय संपली. छोटीला ताग्यावरच हे दाखवलं, तिच्या डोक्यातली निम्मी यादी आपोआप गळाली.

नाडीचे त्रिकोणी लंगोट मी शिवणार नाही. आईने दोन-तीनदा सुचवलं. नाडी पोटावर वळ उठवते, आणि एका पदराचं ते फडकं शू झाल्याची वर्दी देतं, अडवत काही नाही.

24 फेब्रुवारी

पाव्हण्यांनी, म्हणजे छोटीच्या नवऱ्याने, पुण्याहून पार्सल पाठवलं: पॉकेट डायपर सहा, सोबत मायक्रोफायबरच्या आणि बांबूच्या पट्ट्या, शिवाय नवजात मापाची पाच कव्हरं. कव्हरं मीच मागवायला सांगितली होती.

कव्हरचं कापड उलटसुलट करून बघितलं. पीयूएल म्हणतात: पॉलिस्टरच्या विणीवर आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. पाणी अडवतं, पण हवा थोडीफार जाऊ देतं. रेनकोटच्या कापडासारखं कोंडत नाही. शिलाई फक्त कडेला, मधे सुईचं एकही भोक नाही. दोराही पॉलिस्टरचा. सुती दोरा वापरला तर तो वातीसारखी ओल आतून बाहेर खेचतो. काम चांगलं आहे, एवढ्यासाठी मशीन लावायला नको. पुढचं माप लागेल तेव्हा कापड मागवून बघू.

पॉकेट डायपर "3 ते 16 किलो" लिहिलेले, टिचबटणांच्या रांगा लावून लहान-मोठे होणारे. सगळ्यात लहान मापावर लावून टेबलावर ठेवले, मांडीचं भोक माझ्या तीन बोटांएवढं. आपल्याकडची बाळं अडीच-पावणेतीन किलोची असतात. तीन किलोवर हा डायपर अंगावर डगळा दिसेल, गळेल ते मांडीतून. हे डबा बंद करून कपाटावर, दीडेक महिन्याने बघू.

मायक्रोफायबरची पट्टी पिते भराभर, पण दाबली की सोडूनही देते, आणि अंगाला थेट लावायची नाही, त्वचा कोरडी पडते. बांबूची सावकाश पिते, भरपूर पिते. पण वाळत घातली तेव्हा शेजारची मलमल घडी करून कपाटात गेली तरी ही ओलीच. फेब्रुवारीच्या उन्हात ही गत, आषाढात काय करणार?

9 मार्च

दवाखान्याची पिशवी भरली. लुगड्याचे लंगोट, मेणकापड, दुपटी, झबली, टोपरी. मोठं काही नाही.

21 मार्च

काल पहाटे मुलगी झाली. 2 किलो 600 ग्रॅम. दोघी छान.

पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट, ती दोन-तीन दिवस चालते. लुगड्याचे हे तुकडे धुवायच्या भानगडीत न पडता टाकून द्यायचे, म्हणूनच ते पुढे ठेवले होते.

शू मोजायला वहीत रेघा ओढल्या. नर्सबाईंनी सांगितलेला हिशेब: पहिल्या दिवशी एक तरी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. दूध पुरतंय का हे वजनकाट्याआधी इथे कळतं.

22 मार्च

रात्री लंगोटावर विटकरी रंगाचा डाग. छोटी घाबरून रडायलाच लागली. रक्त वाटावं असाच, पण बोटाने चोळला तर भुकटीसारखा. सकाळी डॉक्टरांना कापडच दाखवलं. लघवी घट्ट असली की त्यातल्या युरेट क्षाराचे कण असे उतरतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतं, दूध वाढलं की जातं; त्यानंतरही दिसलं तर घेऊन या म्हणाले. मुलींना पहिल्या आठवड्यात आईच्या हार्मोन्समुळे थोडा रक्ताचा डागही पडू शकतो, हेही त्यांनीच आधी सांगून ठेवलं.

आणखी एक लिहून घ्यायला लावलं. बाळाची लघवी पाण्यासारखी असते. तिने कापड पिवळं होत असेल आणि शी पांढुरकी, मातकट येत असेल, कावीळही उतरत नसेल, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं.

यातलं काही जेलच्या डायपरमध्ये दिसलं असतं असं मला वाटत नाही. त्यातलं सोडियम पॉलिअॅक्रिलेट, म्हणजे ते जेल, ओल गिळून वरून कोरडंच लागतं. हात लावून शू झाली की नाही हेही सांगता येत नाही. पांढरं घेतलं ते यासाठी फार कामाला आलं. दुकानात त्या फुलाफुलांच्या छाप्यांवर छोटीचा जीव जडला होता.

26 मार्च

बांधायची पद्धत बदलली. नाळ अजून पडलेली नाही, तेव्हा पुढची कड दोन बोटं दुमडून बेंबीच्या खाली. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. तेल-हळदीची वाटी आजीच्या हातातून गोडीगुलाबीने परत स्वयंपाकघरात नेली.

मुलगी म्हणून घडीची जाडी मधे आणि मागे. मुलगा असता तर पुढे घेतली असती. वर वाय आकाराची रबरी आकडी, तिला टोकांना दात असतात. सेफ्टी पिनेपेक्षा बरी, झोपेत हाताळायला भीती नाही. इलॅस्टिकखाली एक बोट सहज गेलं पाहिजे, दोन जात असतील तर गळणार.

आजी दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधते, पोरगी शांत झोपतेही. पण डॉक्टर म्हणाले पाय मोकळे, बेडकासारखे फाकलेले राहू द्या, ताणून बांधल्याने खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. आता वर घट्ट, खाली सैल असा तह झालाय.

31 मार्च

बारसं. शिरपूरहून छोटीची सासरची मंडळी. सासूबाईंनी डायपरचा मोठा पुडा आणला आणि तारेवर वाळत घातलेली पांढरी रांग बघून आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, आम्ही पाठवले असते हो, फडकी कशाला?" आईला लागलं. मी वाद घातला नाही. पुडा ठेवून घेतला, परतीच्या प्रवासाला लागेलच.

वापरलेला डायपर टाकायचा कुठे हा प्रश्न मात्र बारशाला आलेल्या निम्म्या बायकांचा आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात गल्लीच्या टोकाला कुत्री काय ओढत असतात ते सगळ्यांना दिसतं.

14 एप्रिल

धुणं आता बसलंय. तसंच उतरवून ठेवते, छोटीला पुण्यात लागेल.

ओले लंगोट झाकणाच्या बादलीत भिजत ठेवायचे नाहीत. भिजत ठेवले की शूमधल्या युरियाचा अमोनिया होतो आणि सकाळी झाकण उघडताना डोळ्यांतून पाणी. जाळीच्या क्रेटमध्ये सुटे टाकायचे, हवा लागू द्यायची. शीचे लगेच पाण्याखाली. अंगावरच्या दुधाची शी पाण्यात विरघळते, खरवडावं लागत नाही. वरचं अन्न सुरू झालं की हे सुख संपेल.

सकाळी सगळ्यांना आधी साधं गार पाणी. मग बंबातलं कडकडीत, बादलीला एक मोठा चमचा सोडा आणि पुरेशी पावडर. पावडर कमी घातली की बाळाला सौम्य, असं बायकांना वाटतं. कमी पावडरीत मळ निघत नाही, तोच अंगाला लागतो. मग सेमी-ऑटोमॅटिकमध्ये फिरवून, पिळून काढायचे. इथपर्यंत सगळं बोअरचं पाणी. शेवटचं खळबळणं तेवढं नळाच्या साठवलेल्या पाण्यात, त्यामुळे क्षार कापडात राहत नाहीत आणि सोडाही निघून जातो. सोडा राहिला तर बाळाचं अंग चुरचुरतं. आपल्या हातालाही लागतो, हातमोजे घालायचे. मशीनने आधी कोरडं पिळलेलं असलं की एवढ्याला एक बादली पुरते.

मऊ करायचं सुगंधी लिक्विड अजिबात नाही. ते धाग्यावर थर चढवतं, म्हणजे भट्टी लावून काढलेलं मेण आपणच विकत आणून परत लावायचं. रिठ्याने धुवा असं बऱ्याच जणी सांगतात. झबल्या-टोपऱ्यांना ठीक, लंगोटाला तो पुरत नाही.

वाळवणं: मलमल उन्हात, जितकं कडक तितकं चांगलं. पिवळे डाग दुपारपर्यंत आपोआप उडतात, ना ब्लीच ना घासणं. कव्हरं मात्र सावलीत. खानदेशातल्या उन्हात इलॅस्टिक आणि तो आतला पापुद्रा दोन्ही तडकतील. कव्हर नुसतं ओलसर झालं तर पुसून हवेवर टाकायचं आणि पुन्हा घालायचं; शी लागली तरच धुवायचं, तेही बंबाच्या पाण्यात नाही. म्हणून दिवसाला दहा-बारा लंगोट लागले तरी कव्हरं पाच पुरतात.

तिन्हीसांजेच्या आत बाळाचे कपडे घरात, ही आजीची आज्ञा. दिवेलागणीला तारेवर किडे-चिलटं बसतात हे बघून मीही ती पाळते.

पाव्हण्यांनी पुण्याहून एक आकडेवारी पाठवली. ब्रिटनच्या एन्व्हायरन्मेंट एजन्सीने 2008 साली हिशेब मांडला होता: अडीच वर्षांत टाकाऊ डायपरचा कर्बभार (हवेत जाणारे कार्बन वायू) साधारण 550 किलो, कापडीचा सरासरी 570. म्हणजे त्या हिशेबाने कापडी म्हणून आपोआप काही वाचत नाही. पण मशीन भरून धुतलं, तारेवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर सुमारे 200 किलो कमी होतात. विजेच्या ड्रायरवर वाळवणाऱ्या देशाचा हिशेब आहे तो. आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये पहिला लंगोट घालून शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिला वाळलेला असतो.

30 एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या लेकीबाळी माहेरी आल्यात, लिंबाला झोके बांधलेत. छोटी झोक्यावर बसली नाही, पण गाणी म्हणून घेतली.

ऊन सोसवत नाही. दुपारी कव्हर बंद. कव्हराच्या आत घाम आणि ओल, दोन्ही कोंडतात. कालच कंबरेला घामोळं दिसलं. आता अकरा ते पाच पोरगी नुसत्या मलमलीवर, खाली गोधडी, तिच्यावर मेणकापड आणि वर पुन्हा एक पदर. आजी हेच पहिल्या दिवसापासून सांगत होती: "मोकळी ऱ्हाऊ दे व तिले."

दुसरं मात्र ऐकलं नाही. "पानी पाज तिले, घसा सुकी ऱ्हायना." सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही, दुधातच पुरेसं पाणी असतं. तोंडाने सांगून पटेना म्हणून आजीला वही दाखवली. अक्षर तिला येत नाही, पण रेघा येतात. कालच्या नऊ रेघा तिने बोटाने मोजल्या आणि गप्प राहिली. सहाच्या खाली आल्या असत्या तर मीच आधी दवाखाना गाठला असता.

2 मे

दीड महिन्याची लस. मांडीला टोचतात, म्हणून दोन दिवस त्या बाजूची आकडी सैल आणि कव्हर नको. तोंडातून दिलेल्या रोटाव्हायरसच्या लसीचा अंश काही दिवस शीत उतरतो. लंगोट बदलल्यावर साबणाने हात, हे घरात सगळ्यांना बजावलं.

11 मे

अवकाळी. गच्चीवरचं सगळं भिजलं. आयताच सराव.

24 जून

पाऊस बसला. पडवीत दोन दोऱ्या, खाली पंखा. एकपदरी मलमल मशीनमधून पिळून काढली की स्वयंपाक होईपर्यंत वाळते. चौपदरी मोठे लंगोटही उलगडून एकपदरीच टांगतो, त्यामुळे तेही जेवणं होईपर्यंत तयार. जो दमटपणा राहतो त्यावर इस्त्री. शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे सुकवायची जुनी पद्धत आईने काढली होती, पण धूर बाळाच्या नाकात जातो. शेगडी परत माळ्यावर.

पॉकेट डायपर मे महिन्यात उघडले. पोरगी साडेचार किलोच्या पुढे गेल्यावर मांडीला बरोबर बसले, आणि रात्रीला खरंच चांगले आहेत: बांबूची पट्टी घातली की छोटीला मधे उठावं लागत नाही. पण आता बांबूची पट्टी सकाळी धुतली तर दुसऱ्या सकाळीही मधोमध गार लागते. गार लागणं म्हणजे ओल, आणि ओली पट्टी घातली की वास आलाच. मायक्रोफायबरच्या पट्ट्यांना तर उन्हाळ्यातच वास धरला होता. बोअरच्या पाण्याने त्या इतक्या कडक झाल्या की उभ्या राहतात. त्या आता फरशी पुसायला. पॉकेटच्या पिशवीत मी मोठ्या मलमलीची घडी सरकवते. बांबूइतका वेळ टिकत नाही, पहाटे एकदा बदलावा लागतो, पण वाळलेला असतो याची खात्री.

8 जुलै

जांघेत लाल चट्टा. नेहमीचा ओलीचा लालसरपणा घडीच्या बाहेर असतो. हा घडीच्या आत, चकचकीत, आणि कडेला बारीक पुटकुळ्या. तीन दिवस खोबरेल लावून वाट बघू म्हणणाऱ्यांना न जुमानता डॉक्टरांकडे. बुरशीचा संसर्ग, दमट हवेत होतो. मलम दिलं. मलमाचा थर कापडाला बसू नये म्हणून आत लुगड्याचा तुकडा, तो वेगळा उकळायचा. दर दोन तासांनी बदल आणि बराच वेळ उघडी.

13 जुलै

चट्टा गेला. तरी डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस मलम चालू.

27 जुलै

श्रावणातला कानबाईचा सण झाला की छोटी पुण्याला निघेल. आज बांधाबांध.

लहान 24 पैकी चांगले आहेत ते जपून ठेवले. समोरच्या वहिनीला सातवा लागलाय, तिला देणार. कापड आता पहिल्यापेक्षा जास्त पितं. सासूबाईंचा पुडा प्रवासाच्या पिशवीत. मोठे दहा, शिवाय नव्या ताग्याचे आणखी दहा कापून पिको करून दिले. मधल्या मापाची तीन कव्हरं मी शिवलीत. कापड ऑनलाइन मागवलं, टाचण्यांऐवजी चिमटे लावले, मांडीला पाव इंची इलॅस्टिक. एकाची कंबर थोडी ढिली वाटते, तिकडे गेल्यावर घालून फोटो पाठव म्हटलंय.

पुण्याच्या नळाला धरणाचं मऊ पाणी, तेव्हा तिथे सोडा लागणार नाही आणि पावडरही इथल्यापेक्षा कमी. इथल्या मापाने घातली तर फेस निघता निघणार नाही. फ्लॅटच्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं ते पाव्हण्यांना फोन करून विचारलं. आठ ते साडेदहा. दोर त्याच बाजूला बांधून घ्यायला सांगितलंय, आणि धुणं रात्रीच उरकून पहाटे वाळत घालायचं.